काकांची रॅले: दुरुस्तीच्या आणि रपेटींच्या नोंदी

शनिवार, २ मार्च २०२४

आज सायकल उजेडात आणली. ग्लासगोच्या पार्टिक भागात आम्ही राहतो. इमारतीच्या मागच्या अंगणात विटांची एक जुनी खोली आहे, तिथे मोडक्या फळ्यांमागे ती भिंतीला टेकून उभी होती. तळमजल्यावरच्या काकांच्या वडिलांची सायकल. काका ऐंशीचे, इथलेच, याच इमारतीत वाढलेले. मी त्यांना पहिल्यापासून काका म्हणते. अर्थ सांगितला तेव्हापासून तेही माझ्या लेकीला फोन केला की 'काका' म्हणूनच नाव सांगतात.

त्यांचे वडील क्लाइड नदीपलीकडे गोव्हनच्या गोदीत फिटर होते. रोज याच सायकलवरून कामावर जायचे, आणि शनिवारी दुपारी गोदी सुटली की हीच सायकल घेऊन शहराबाहेर: लॉख लोमंड सरोवर, कंब्रे बेट, जमेल तिकडे. ते गेल्यावर सायकल या खोलीत आली ती आलीच. "तुला चालवता आली तर तुझी," काका म्हणाले. मी म्हटलं, चालवीन मी, पण राहील तुमचीच.

अवस्था अशी: काळा रंग काजळीखाली शाबूत आहे. हँडलच्या क्रोमचे पापुद्रे सुटलेत. टायर शिळ्या भाकरीसारखे तडकलेत. चेन म्हणजे गंजाची कांडी. कातड्याची सीट वाळून मधे खचली आहे, पण फाटलेली नाही. रॉड ब्रेकच्या दांड्या सगळ्या जागच्या जागी. चेनव्हीलमध्ये, म्हणजे पॅडलजवळच्या मोठ्या दातेरी चाकात, कापून काढलेले तीन बगळे आहेत, ती रॅले या इंग्लिश सायकल कंपनीची खूण, अजून ठसठशीत.

नारायण पेठेत बाबांकडे जी सायकल होती ती हिचीच बहीण म्हणायची. तीच अठ्ठावीस इंची चाकं, तसेच रॉड ब्रेक, तसंच मागे वळलेलं हँडल. तिला गिअर नव्हते एवढाच फरक. म्हणून तर काकांनी दार उघडल्यावर मला आधी हँडल दिसलं आणि तिथेच मी हो म्हणून टाकलं.

आज रात्री चार गोष्टी ठरवल्या. रंग द्यायचा नाही. झिजून निकामी झालंय तेवढंच बदलायचं. काढलेला प्रत्येक जुना भाग डब्यात जपून ठेवायचा. आणि ही सायकल भिंतीवर टांगण्यासाठी नाही. उन्हाळा संपायच्या आत काकांचे वडील जायचे त्या वाटांवरून ती फिरली पाहिजे.

रविवार, ३ मार्च

मागचा हब, म्हणजे चाकाच्या मधला डबा, ज्याच्या पोटात गिअर असतात, रॉकेलने पुसला. काजळीखालून अक्षरं वर आली: स्टर्मी-आर्चर (बनवणारी कंपनी), ए डब्ल्यू (हबचा प्रकार), मग ५७, मग ३. म्हणजे १९५७ सालचा मार्च. हब बरोबर सदुसष्ट वर्षांचा झाला.

ही रचना १९३६ मध्ये आली. हबच्या पोटात एक छोटी ग्रहमालाच आहे. मधे न फिरणारं दातेरी चाक, त्याला सूर्य म्हणायचं, आणि त्याच्याभोवती फिरणारी चार लहान चाकं. मधल्या गिअरला चेनचा वेग जसाच्या तसा चाकाला मिळतो, खालच्या गिअरला पाऊणपट, वरच्या गिअरला एक तृतीयांशाने जास्त. सगळं पोलादी डब्यात बंद असल्यामुळे पाऊस-चिखल आत जात नाही, आणि याला लागतं काय, तर महिन्याकाठी तेलाचे चार-सहा थेंब. त्यासाठी हबच्या अंगावर बोटाच्या पेराएवढं टोपण असतं. माझं टोपण गंजाने बसलं होतं, ते अलगद सुटलं. आत पातळ तेल सोडलं, चाक हाताने फिरवत राहिले. आधी काळपट लापशी बाहेर आली. पुन्हा तेल. मग पाव तासाने आतला आवाज सुटला: टिक टिक टिक, अगदी सारख्या अंतराने.

काका दार उघडून बाहेर आले. काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, संध्याकाळी जिन्याखाली हा आवाज आला की आई बटाट्यांचं पातेलं चुलीवरून उतरवायची.

शनिवार, ९ मार्च

कॉटरचा दिवस. जुन्या सायकलीत क्रँक, म्हणजे पॅडलचा दांडा, एक्सलवर बसतो तो पाचरीसारख्या एका पिनेने, तिलाच कॉटर म्हणतात. या पिनेची एक बाजू उतरती कानसलेली असते, ती एक्सलच्या खाचेवर घट्ट आवळून बसते. साठ वर्षं बसली की ती हलायचं नाव घेत नाही.

बुधवारपासून रोज गंज सोडवणारं तेल सोडत होते. आज नट काढला, तो पुन्हा दोन आटे फिरवून ठेवला म्हणजे पिनेचं टोक चेपणार नाही. मग क्रँकखाली लोखंडी पाइपचा तुकडा उभा केला, पाइप थेट जमिनीवर. हे महत्त्वाचं आहे. क्रँक अधांतरी ठेवून हातोडी मारली तर घाव पिनेवर न जाता छर्ऱ्यांवर जातो, आणि छर्रे ज्यात फिरतात त्या वाटीला कायमचे खड्डे पडतात. पाइप असला की घाव जमिनीत उतरतो. एकच मारायचा, पण नेमका. डावा कॉटर तिसऱ्या घावाला सुटला.

उजवा वाकला. मी घाई केली, पाइप किंचित तिरका होता. मग काकांनी त्यांची हाताने फिरवायची ड्रिल आणली (ते शाळेत सुतारकाम शिकवायचे, त्यांच्याकडे अशी हत्यारं आहेत) आणि आम्ही दोघांनी आळीपाळीने दोन तास ती पिन भोक पाडत पाडत काढली. क्रँकला ओरखडाही नाही.

रविवार, १७ मार्च

एक्सलच्या वाट्या बाहेर काढल्या. चांगल्या आहेत, आरशासारख्या. हायसं वाटलं, कारण त्या बदलायच्या म्हटलं तरी सहज मिळणाऱ्या नव्हत्या. रॅलेने स्वतःचे आटे ठेवले होते, इंचाला २६. बाकीच्या इंग्लिश सायकलींना इंचाला २४. नवी वाटी जबरदस्तीने बसवली तर सांगाड्याचे आटे फुटतात. जुन्याच वाट्या, नवं ग्रीस, आणि प्रत्येक बाजूला पाव इंची अकरा छर्रे. ग्रीसमध्ये एकेक छर्रा चिकटवत बसवायचं काम लेकीला दिलं. तिने मोजले, मी मोजले, शेवटी काकांनीही मोजले.

मंगळवार, ९ एप्रिल

पाडवा. खिडकीत गुढी, बाहेर पाऊस.

शनिवारी भाऊ पुण्याहून आला. त्याच्या बॅगेत चितळ्यांच्या बाकरवडीच्या शेजारी दोन टायर, दोन ट्यूब आणि रॉड ब्रेकचे आठ रबर. अठ्ठावीस बाय दीड हे माप आपल्याकडे अजून गल्लीतल्या दुकानात मिळतं, कारण दूधवाले, पेपरवाले आणि शेतावर जाणारी माणसं त्याच चाकांवर अवलंबून आहेत. इथे ते शोधून मागवावं लागतं. ट्यूबला व्हॉल्व्हही तोच जुना, आतून वॉलट्यूब चढवायचा. काकांनी ती इवलीशी रबरी नळी ओळखली, बोटांत धरून ओढून पाहिली.

हवा भरता भरता लेकीला सांगत होते की ही हवा मूळची स्कॉटलंडचीच. स्टोनहेवनच्या रॉबर्ट विल्यम थॉमसन यांनी १८४५ मध्ये हवा भरलेल्या चाकाचं पेटंट घेतलं होतं, घोडागाड्यांसाठी. मग लोक ते विसरून गेले. चाळीसेक वर्षांनी एअरशरच्या ड्रेघॉर्न गावात जन्मलेले जॉन बॉइड डनलॉप बेलफास्टमध्ये गुरांचे डॉक्टर होते, त्यांनी मुलाच्या तीनचाकीसाठी रबरी नळीत हवा भरली आणि १८८८ मध्ये पेटंट घेतलं. पुढे थॉमसन यांचं जुनं पेटंट निघालं आणि डनलॉपचं रद्द झालं. नाव मात्र डनलॉपचं राहिलं. थॉमसन यांनी पेटंट घेतलं तेव्हा ती हवा वापरायला रस्त्यावर सायकली आल्याच नव्हत्या, याची मला हळहळ वाटते.

दोन्ही चाकांत हवा टिकली. पाडव्याला एवढं पुरे.

शनिवार, २० एप्रिल. कालव्याकाठाने बोलिंगपर्यंत

पहिली रपेट. मी रॅलेवर, लेक तिच्या नव्या हलक्या सायकलवर. केल्विन नदीच्या काठाकाठाने मेरीहिलला चढलो आणि तिथे फोर्थ-क्लाइड कालव्याची वाट धरली.

हा कालवा १७९० मध्ये पूर्ण झाला, स्कॉटलंडच्या पूर्व आणि पश्चिम समुद्रांना जोडत. मेरीहिलला दगडी पुलावरून तो केल्विन नदी ओलांडतो. खाली नदी, वर पाणी, आणि त्या पाण्याशेजारून आपण सायकलवर. १९६३ मध्ये बंद पडला, २००१ मध्ये पुन्हा वाहता झाला. काठाची वाट घोड्यांसाठी केलेली, ते दोर लावून होड्या ओढायचे. घोड्याला ओढता यावं म्हणून वाट सपाट, आणि कुलपं, म्हणजे होड्यांना पाण्याच्या एका पातळीवरून दुसरीवर नेणारे दरवाजे, लागतात तिथेच तेवढा उतार. अशा जड सायकलसाठी याहून चांगली वाट नाही. मेरीहिलपासून बोलिंगपर्यंत साधारण सोळा किलोमीटर, आणि जिथे उतार तिथे तो खालीच नेणारा.

सायकल कशी चालते ते लिहून ठेवते. सुरुवातीला जड, अगदी हत्ती उठतो तशी. एकदा निघाली की मग थांबायला मागत नाही. बसणं ताठ, त्यामुळे नजर रस्त्यावर न राहता आजूबाजूला जाते. लेक तिच्या सायकलवर वाकून बसलेली, ती पुढे जाऊन परत यायची, आणि दर वेळी मीच तिला काहीतरी सांगायचे: कुलपाच्या दरवाज्यात एक राखी बगळा उभा होता, अगदी चेनव्हीलमधल्यासारखा मान आखडून. तिला दिसलाच नव्हता.

बोलिंगच्या अलीकडे उतारावर गॉर्सची झुडपं पिवळीधमक फुलली आहेत. ऊन पडलं की त्या फुलांना ओल्या खोबऱ्याचा वास येतो. अंदाजे नाही, तंतोतंत, नारळ खवत असताना येतो तो. इथे आल्याच्या पहिल्या वसंतात मी त्या वासामागे झुडपांत शिरले होते आणि हात ओरबाडून घेतले होते.

परतीला एकदा मोठा धक्का बसला. मधल्या गिअरवरून वरच्यावर जाताना अचानक पॅडल मोकळं सुटलं, पाय हवेत, छाती हँडलवर. पडले नाही.

रविवार, २१ एप्रिल

कालच्या धक्क्याचं कारण सापडलं. ए डब्ल्यू हबमध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या मधे एक जागा अशी असते की तिथे कुठलंच दातेरी चाक धरत नाही. केबल सैल किंवा ताठ असली की आपण नेमके तिथे अडकतो.

उपाय हबमध्येच दाखवलेला आहे. उजव्या बाजूच्या नटाला एक खिडकी असते, तिच्यातून आतली दांडी दिसते. हँडलवरची कळ मधल्या गिअरवर ठेवायची. दांडीचं टोक एक्सलच्या टोकाशी बरोबर जुळलं पाहिजे. माझं दोन मिलिमीटर आत होतं. केबलच्या टोकाची फिरकी तेवढी फिरवली, जुळवलं, चेक-नट आवळला. संध्याकाळी गल्लीत वीस वेळा गिअर बदलून पाहिला. एकदाही सुटला नाही.

शनिवार, ११ मे. कंब्रे बेट

रात्री झोप नाही. काल रात्री ग्लासगोच्या आकाशात उत्तर ध्रुवाचा प्रकाश उतरला होता, गुलाबी आणि हिरवा, थेट डोक्यावर. सगळी गल्ली नाइटगाउनवर बाहेर. काकांनी खुर्ची आणून अंगणात मांडली. ऐंशी वर्षांत असं पाहिलं नाही म्हणाले.

तरी सकाळची गाडी गाठली. इथल्या गाड्यांत सायकलला तिकीट लागत नाही. लार्ग्जला उतरून फेरीबोट, दहा मिनिटांत पलीकडे. कंब्रे हे बेट एवढंसं की त्याला वळसा घालणारा रस्ता सोळा किलोमीटरचा, जवळजवळ सपाट, समुद्राला लागून. ग्लासगोच्या पिढ्यान्‌पिढ्या सायकल शिकल्या त्या इथे, मिलपोर्ट गावात भाड्याने सायकल घेऊन. काकासुद्धा. वडील रॅलेवर पुढे आणि हे भाड्याच्या सायकलवर मागे. मीही भाड्याच्याच सायकलवर शिकले, नळीखालून पाय घालून, शनिवारवाड्याच्या मागच्या गल्लीत, तास संपला की दुकानदार हाक मारायचा. ही गोष्ट काकांना काल रात्री आकाश बघता बघता सांगितली, तेव्हा त्यांनी विचारलं की तिथेही सायकलच्या मागे नंबर रंगवलेला असायचा का. असायचा.

ऊन लख्ख. उजव्या हाताला बेट आणि डाव्या हाताला समुद्र, पलीकडे लार्ग्जचा किनारा. खडकांवर काळेपांढरे ऑयस्टरकॅचर, लाल चोचींचे, आपली टिटवी ओरडते तशी एकमेकांवर ओरडत. सिंहाच्या आकाराचा खडक मागे टाकला आणि पॅडलमधून आवाज यायला लागला. दर फेरीला एकदा, टक्. उजवा पाय खाली गेला की टक्.

कॉटर. नवी पिन बसवल्यावर तीसचाळीस किलोमीटरने ती पुन्हा ठोकून नट आवळायचा असतो, मी नुसता नटच आवळला होता. तसंच चालवत राहिलं तर पिन चेपते आणि क्रँकचं भोक अंडाकृती होतं. उतरले. किनाऱ्यावरून दोन दगड आणले, एक मोठा सपाट, एक मुठीत मावणारा गोल. सपाट दगड क्रँकखाली पक्का बसवला, लेकीने सायकल घट्ट धरली, पिनेच्या डोक्यावर लाकडाचा तुकडा ठेवून गोल दगडाने पाच ठोके दिले. मग पाना लावला तर नट पाऊण फेरी आत गेला. आवाज बंद. मिलपोर्टला पोचेपर्यंत मी कान तिथेच लावून होते.

जेवल्यावर बेटाच्या मधल्या रस्त्याने ग्लेड स्टोनवर गेलो. बेटाचं सगळ्यात उंच टोक, १२७ मीटर. आकडा लहान, पण या गिअरवर मला निम्म्यातच उतरावं लागलं. ढकलत गेले. वरून ॲरन बेटाचे डोंगर आणि ब्यूट बेट, दोन्ही स्वच्छ.

शनिवार, १८ मे

मागचं दातेरी चाक बदलायचं की नाही, यावर आठवडाभर विचार केला. चेनव्हील ४६ दात्यांचं, मागचं १८ चं. खालच्या गिअरवरही पॅडलच्या एका फेरीला सायकल सव्वाचार मीटर जाते. सपाट रस्त्याला ते छान, चढाला जड.

आज २२ दात्यांचं बसवलं. आता खालच्या गिअरवर एका फेरीला साडेतीन मीटर. हा हब कारखान्यातूनच असा निघतो की स्क्रूड्रायव्हरने एक रिंग उचकटली की चाक बदलता येतं. तीन खाचा, त्यात तीन दात बसतात. कानस नाही, कापाकापी नाही. चेनमध्ये दोन कड्या वाढवाव्या लागल्या, बस. म्हणजे चढाच्या मुलखात राहणारा माणूस चाक बदलणार हे बनवणाऱ्यांनी धरलेलंच होतं. जुन्या वस्तूचा मान राखायचा म्हणजे गुडघे दुखवून घ्यायचे असं मी मानत नाही. १८ चं चाक तेल लावून, कागदात गुंडाळून डब्यात.

शनिवार, १ जून. लॉख लोमंड

बोलिंगपर्यंत तोच कालवा, पुढे डंबार्टनचा दुहेरी खडक, तिथून लीव्हन नदीच्या काठाने बालॉख. घरापासून तीसेक किलोमीटर. रमतगमत गेलो, पाच तास लागले, त्यात दीड तास बसणं.

लीव्हनकाठची गावं मला पुढच्या सरोवराइतकीच धरून ठेवतात. रेंटन, अलेक्झांड्रिया, बॉनहिल. आज शांत आहेत, पण एकोणिसाव्या शतकात इथे टर्की रेड नावाचा पक्का लाल रंग सुती कापडाला देत. आधी मंजिष्ठाच्या मुळापासून, नंतर रसायनातून. त्यासाठी लॉख लोमंडचं मऊ पाणी लागायचं, आणि ते नदीतून सतत यायचं. या कापडाचं मोठं गिऱ्हाईक कोण, तर हिंदुस्थान. मोर, हत्ती, कोयऱ्या छापलेलं लाल कापड या थंड नदीकाठी तयार व्हायचं आणि गठ्ठे बोटीने मुंबईला जायचे. गठ्ठ्यांवर चिकटवायचे कागदही रंगीत, त्यांवर आपले देव. ज्या माणसांनी मोर कधी पाहिला नव्हता, त्यांनी तो हजारो वार छापला. आणि तिकडे बाजारात ते कापड अंगावर लावून बघणाऱ्या बाईला ही नदी माहीत नव्हती. नदीकाठच्या बाकावर बसून लेकीला हे सांगत होते, तर शेजारी कुत्रा घेऊन बसलेली बाई म्हणाली, माझी आजी तिथेच कामाला होती, तिचे हात कोपरापर्यंत लाल असायचे म्हणतात.

सरोवर नेहमीसारखं. बेन लोमंड डोंगराचं डोकं ढगात. बालॉखला पाण्यात पाय सोडून बसलो, मग मिजेस नावाची चिलटं आली आणि आम्ही उठलो. गाडीने थेट पार्टिक. रात्री साडेदहाला अंगणात अजून उजेड होता, त्यात सायकल पुसली.

शनिवार, २२ जून

पाऊस. ओल्या पोलादी रिमवर रॉड ब्रेक धरत नाहीत, नुसते घासतात. केल्विनच्या उतारावर हे नीट कळलं. आधी हलका ब्रेक लावून रिम पुसून घ्यायची, मग जोर लावायचा. तरीही दुप्पट अंतर लागतं. यापुढे पावसात उतार आला की उतरून चालायचं, त्यात चर्चा नाही.

सीटला मागून तेल लावलं. खचलेला भाग पुढचा बोल्ट दोन फेऱ्या आवळून वर आला. आणखी आवळणार नाही, कातडं फाटेल.

रविवार, ४ ऑगस्ट

काकांबरोबर नदीकाठच्या रिव्हरसाइड म्युझियममध्ये. तिथे लेस्माहागोच्या गॅव्हिन डॅल्झेल यांनी १८४५ च्या सुमारास बनवलेली सायकल आहे. लाकडी चाकं, लोखंडी धाव. पॅडल गोल फिरत नाहीत, पुढे-मागे झुलतात, आणि लांब दांड्यांनी मागचं चाक फिरवतात. काकांनी खाली बसून दांडीचा सांधा पाहिला आणि म्हणाले, हे लोहाराचं काम आहे.

डॅल्झेलनी ती ज्याचं पाहून केली असं म्हणतात, त्या लोहाराच्या गावी जायचं ठरलं.

शनिवार, १७ ऑगस्ट. कीर मिल

ग्लासगो सेंट्रलहून डंफ्रीज. गाव सगळं तांबड्या वालुकाश्माचं, पावसात विटेसारखं दिसतं, उन्हात गुलाबी. निथ नदीवरच्या पंधराव्या शतकातल्या देवोर्गिला पुलावरून सायकली हाताने ढकलत पश्चिम काठाला आलो आणि उत्तरेला निघालो. इथून कीर मिल साधारण पंचवीस किलोमीटर.

ऑल्डगर्थला मोठा रस्ता सोडला तशी वाट एका गाडीपुरती झाली. दोन्ही बाजूंना चुना न घालता रचलेल्या दगडी भिंती, शेवाळाने हिरव्या, मधेमधे पोटावर पांढरा पट्टा असलेल्या काळ्या गॅलोवे गाई. उजव्या हाताला निथचं खोरं, बार्ली पिवळी होत आलेली. भिंतीतून रास्पबेरीची शेवटची फळं वाकलेली होती. चढ लहान लहान आणि सारखे. २२ दात्यांचं चाक इथे कामाला आलं, दोनदाच उतरले. उतरले तेव्हाही बरं वाटलं, कारण चालताना भिंतीतल्या दगडांची ठेवण दिसते: खाली मोठे, मधे आडवे बांधदगड, वर उभे लावलेले. सायकलवरून ती फक्त भिंत असते.

कोर्टहिलचं लोहारघर कीर मिलच्या थोडं बाहेर, रस्त्याकडेला आहे. साधं घर. भिंतीवर पाटी. कर्कपॅट्रिक मॅकमिलन, १८१२ ते १८७८. पायाने चालवायची पहिली सायकल त्यांनी इथे १८३९ मध्ये बनवली असं पाटी सांगते, आणि खाली इंग्रजीत एक ओळ आहे, तिचा अर्थ असा की आपण काय घडवतोय हे त्याला माहीत होतं त्याहून थोर असं काही त्याने घडवलं.

हे खरं का, याबद्दल वाद आहे आणि तो इथे लिहिला पाहिजे. मॅकमिलन यांनी पेटंट घेतलं नाही, त्यांची मूळ सायकल उरलेली नाही. त्यांच्या बाजूचा पुरावा १८९० च्या दशकात त्यांच्याच एका नातलगाने, ग्लासगोच्या जेम्स जॉन्स्टन यांनी, जमवला. १८४२ मध्ये ग्लासगोच्या वर्तमानपत्रात एक बातमी आली होती: डंफ्रीजशरचा एक गृहस्थ चाकांच्या यंत्रावर बसून ओल्ड कम्नॉकहून चाळीस मैल पाच तासांत आला, गोर्बल्समध्ये फुटपाथवर एका लहान लेकराला धक्का लागला आणि त्याला पाच शिलिंग दंड झाला. तो मॅकमिलनच असं सांगतात. पण बातमीत नाव नाही, लोहाराला तेव्हा कुणी 'गृहस्थ' म्हटलं नसतं, आणि यंत्र हाताने फिरवत होता असं तिथे लिहिलं आहे. ज्यांच्याबद्दल वाद नाही त्या पॅडलच्या सायकली १८६० च्या दशकात पॅरिसमध्ये झाल्या.

मी वकील असते तर हा दावा हरले असते. पण आज मी तिथे रॉड ब्रेकच्या दांड्या हाताशी घेऊन उभी होते. दांडीच्या टोकाला डोळा पाडायचा, त्यात खिळा बसवायचा, म्हणजे ओढ एका जागेहून दुसरीकडे पोचते, हे काम लोहाराच्या हातचं आहे, मग ते १८३९ असो की १९५७. त्या काळात घोड्यांच्या नालांत आणि नांगराच्या फाळांत दिवस घालवणाऱ्या माणसाला हे सुचू शकतं, यावर माझा विश्वास बसतो. सुचलं असेलच, असं मी म्हणणार नाही.

घरात कुणीतरी राहतं, म्हणून रस्त्यावरूनच पाहिलं. लेकीने रॅले भिंतीजवळ उभी करून काकांसाठी फोटो काढला. मग गावातल्या जुन्या दफनभूमीजवळ डबे उघडले: थालीपीठ, लोणचं, आणि काकांनी दिलेले ओटकेक.

परतीला वारा समोरून. खालच्या गिअरवर हब आवाज करत नाही, त्यामुळे सगळा रस्ता गुपचूप गेला.

रविवार, ८ सप्टेंबर. पार्टिक ते गोव्हन

ही शहरातली रपेट, अवघी दोनेक किलोमीटरची, पण तिची नोंद इथेच हवी.

काकांचे वडील कामावर जायचे ते फेरीबोटीने, सायकल बोटीत घालून. १९६३ मध्ये क्लाइडखालून बोगदा झाला आणि त्या फेऱ्या पुढे बंद पडल्या. पार्टिकहून समोरचं गोव्हन दिसायचं, जायला मात्र वळसा. काल तिथे पूल खुला झाला, फक्त चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी, रिव्हरसाइड म्युझियमच्या दारातून थेट गोव्हनच्या वॉटर रो गल्लीत. ११५ मीटर. जहाज आलं तर पुलाचा भाग वळून बाजूला होतो.

काका सकाळी नऊला टाय लावून दारात. म्हणाले, सायकल मी नेतो. चालवण्याचा प्रश्न नव्हता, त्यांच्या कमरेला ते झेपणार नाही. हँडल धरून ढकलत नेली. मी गिअरची कळ मधल्यावर ठेवली होती, कारण त्यावर हब बोलतो. गर्दी खूप होती, लहान मुलं, कुत्री, बाबागाड्या. तरी टिक टिक ऐकू येत होती.

मधोमध ते थांबले. नदीच्या वरच्या अंगाला बोट दाखवून फेरीचा धक्का कुठे होता ते सांगितलं. पावसात वडील सायकलला स्वतःचा कोट घालायचे आणि आपण भिजायचे, हेही सांगितलं. मग गोव्हनच्या बाजूला उतरलो, गोदीच्या भिंतीपर्यंत गेलो, तिथे त्यांनी सायकल भिंतीला टेकवली आणि थोडा वेळ तशीच राहू दिली.

येताना मी हात पुढे केला, पण हँडल सोडायला तयार नव्हते.

सायकल आता विटांच्या खोलीत जाणार नाही. जिन्याखाली वडील ठेवायचे ती जागा काकांनी रिकामी केली आहे, भिंतीत हँडल टेकून टेकून पडलेला खड्डा अजून तिथेच आहे.

आजचं काम: हबमध्ये सहा थेंब तेल. मागच्या चाकाचा थोडा आऊट काढला, डावीकडचे दोन स्पोक सैल होते. पुढच्या शनिवारी मागचे ब्रेक रबर बदलायचे. पुण्याहून आलेल्या आठांपैकी चार शिल्लक आहेत.